चूल, पऱ्हाटी आणि मधमाशीचं मेण

लेखाचं नाव वाचून निम्मे जण पान उलटणार हे मला माहीत आहे. कविता आहे का? नाही. हॉस्टेलचे किस्से आहेत का? थोडेसे आहेत. तेव्हा जरा थांबा. ज्यांनी कधी ओली पऱ्हाटी पेटवायचा प्रयत्न केला आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि ज्यांनी केलेला नाही त्यांच्यासाठी जास्तच आहे. कारण मोठी चूक तेच करतात. मी केली होती.

दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर घाटाखालच्या एका गावात होतं. जानेवारी महिना, कापसाची शेवटची वेचणी सुरू. स्वयंपाकाला गावातल्याच एक मावशी येत. सगळं गॅसवर चाललं होतं. सहाव्या दिवशी पहाटे सिलिंडर संपलं, आणि नेमका आदल्या रात्री अवकाळी पाऊस पडून गेलेला. पंचेचाळीस पोरं चहासाठी ग्लास घेऊन उभी. मावशींनी काही न बोलता तीन दगड मांडले, शेजारच्या गंजीतून पऱ्हाटी ओढून आणली, घरून गोवरीवर इस्तव आणला आणि फुंकणी घेऊन बसल्या. पऱ्हाटी वरून ओली. नुसता धूर. आमचे डोळे लाल, मावशी मात्र शांत.

मी तेव्हा सेकंड इयरला. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर नुकताच दिलेला, म्हणजे उष्णतेबद्दल आपल्याला सगळं कळतं असा ठाम समज. मित्राच्या गाडीतून अर्धी बाटली पेट्रोल काढलं आणि चुलीजवळ गेलो. मावशी म्हणाल्या, "थांब बाबू, खाली इस्तव हाय." मी म्हणालो, "काही होत नाही मावशी." आणि ओतलं.

पुढचं एका सेकंदात झालं. जाळ धारेवरून वर चढत बाटलीपर्यंत आला, मी घाबरून बाटली फेकली, ती चुलीवर आदळली आणि फुंकणी धरलेला मावशींचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. कोणी टूथपेस्ट घेऊन धावलं, कोणी हळद. आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांनी दोघांनाही मागे लोटलं आणि मावशींचा हात वीस मिनिटं टाकीच्या नळाखाली धरून ठेवला. मग प्राथमिक आरोग्य केंद्र. डॉक्टर म्हणाले, पाण्याखाली धरला तेच बरं केलं. (भाजल्यावर एवढंच करायचं असतं: साधं वाहतं पाणी, वीस मिनिटं. बर्फ नाही, पेस्ट नाही, शाई नाही. लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.)

हात बरा झाला, पण तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे वेचणीचे होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि एका हातानं कापूस वेचता येत नाही. आम्ही वर्गणी काढून पैसे नेऊन दिले. त्यांनी पुष्कळ आढेवेढे घेऊन ठेवून घेतले. मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शिकलेले ना तुमी?"

हा प्रश्न मला व्हायव्हाला कोणी विचारलेला नाही. पण त्याचं उत्तर शोधायला मला पुढचं वर्ष लागलं, आणि ते इथे लिहितो आहे.

पेटतं ते नेमकं काय?

लाकूड पेटत नाही, पेट्रोल पेटत नाही आणि मेणही पेटत नाही. पेटते ती त्यांची वाफ. हे आपण बारावीत पाठ करतो आणि विसरतो. मायकेल फॅरडेनं १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये लहान मुलांसमोर नुसत्या एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती, आणि त्यांचा मोठा भाग याच गोष्टीभोवती फिरतो.

कोणत्याही इंधनाची वाफ ठिणगी लागताच भडकावी इतकी तयार होते, त्या तापमानाला त्याचा ज्वलनांक म्हणू. पेट्रोलचा ज्वलनांक शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. म्हणजे जानेवारीच्या पहाटेसुद्धा त्या बाटलीच्या तोंडाशी पेटाऊ वाफ तयारच होती. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, त्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि इस्तव शोधत जाते. राकेलचा ज्वलनांक पस्तीस-चाळीस अंशांच्या पुढे, म्हणून ते थंड लाकडावर ओतून काडी लावली तर बेतानं जळतं. पण निखाऱ्यावर ओतलं तर तेही पेट्रोलच होतं, कारण निखारा सहज सहाशे अंशांच्या वर असतो. गावोगाव चुलीवर जे हात भाजतात ते बहुतेक असेच: चूल विझली असं वाटतं, म्हणून वरून ओततात, आणि खाली इस्तव असतो.

मधमाशीच्या मेणाचा ज्वलनांक दोनशे अंशांच्या जरा वर आहे. वितळतं मात्र ६२ ते ६४ अंशांना. या दोन आकड्यांमधलं अंतर हीच सगळी गंमत. साध्या गरम पाण्यावर ते वितळवता येतं, कशातही मुरवता येतं, आणि तरी भडका उडण्यापासून ते शंभराहून जास्त अंश दूर राहतं. खिशात ठेवा, डब्यात ठेवा, सांडत नाही, उडून जात नाही, वास सोडून दुसरं काही करत नाही. नुसत्या मेणाच्या गोळ्याला काडी लावून पाहा, पेटणार नाही, वितळून ओघळेल. नुसत्या कापसाला लावा, भुर्रकन जळून राख होईल आणि काडी पेटायच्या आत संपेल. दोन्ही एकत्र केले की कापूस वात होतो: मेण वितळतं, धाग्याधाग्यातून वर चढतं, वर त्याची वाफ होते आणि ती सावकाश जळते. देवापुढच्या निरांजनात तूप जे करतं तेच.

बाहेरच्या देशांत शेकोटीसाठी पाइनच्या झाडाची फळं मेणात बुडवून ठेवतात. आपल्या बुलडाणा जिल्ह्यात पाइन कुठून आणणार? पण वात कशाची करायची याची चिंता ज्या जिल्ह्यानं कधीच केली नाही तो आपला जिल्हा. खामगावच्या कापसासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंबपासून खास रेल्वेचा फाटा टाकला होता! आजही प्रत्येक घरात कवडी कापूस पडलेला असतो. किडका, पिवळा पडलेला, बोंडाला चिकटलेला. व्यापारी बघूनच नाक मुरडतो. तो मला लागेल तेवढा मिळाला. फुकट.

मेण कुठून आणलं?

इथे मी सुरुवातीला भलताच विचार केला. वर्कशॉपच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळाची तीन पोळी लटकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाटलं, मेण तर डोक्यावरच आहे. सुदैवानं माझ्या रूम पार्टनरला अक्कल होती. आग्या माशी पाळता येत नाही, उघड्यावर एकच भलं मोठं पोळं करते, आणि चिडली तर झुंडीनं अर्धा-एक किलोमीटर पाठलाग करते. पोळ्याखाली टेंभा धरून माश्या जाळायची जी रीत आहे ती तर मला आता पाहवतही नाही. तीळ, सूर्यफूल, तूर, करडई, आपल्या शेतातली किती पिकं या माश्यांच्या जिवावर भरतात! सातपुड्याच्या पायथ्याचे मित्र म्हणाले, अंबाबरव्यातून आणून देतो. ते अभयारण्य आहे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतं, आणि तिथून पोळंच काय, काडीसुद्धा परवानगीशिवाय आणणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा तो विषयही संपला.

शेवटी मेण मिळालं घाटावर. तिकडे कांद्याचं बी घेणारे शेतकरी पुष्कळ. कांद्याच्या गोंड्यावर माशी बसली नाही तर दाणा भरत नाही, म्हणून काही जण फुलोऱ्याच्या दिवसांत मधपेट्या आणून ठेवतात. एका पेटीवाल्या काकांना जाऊन भेटलो. त्यांनी चौकटीतली जुनी, काळी पडलेली पोळी बाजूला काढून पोत्यात भरून ठेवली होती. म्हणाले, चांगलं मेण मी देणार नाही, ते मला चौकटीत बसवायचे पत्रे करायला परत लागतं. हा कचरा न्यायचा तर न्या.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि ते मला नंतर कळलं. कामकरी माशी साधारण बारा ते अठरा दिवसांची असताना तिच्या पोटाखालच्या चार जोड ग्रंथींतून मेणाचे इवलेसे पापुद्रे पाझरतात. एक किलो मेण तयार करायला माश्या सहा-आठ किलो मध खर्ची घालतात असा अंदाज सांगतात. एवढी महाग वस्तू चुलीत घालायची? आपल्याकडे या मेणाला जुनं संस्कृत नाव आहे मधुच्छिष्ट, म्हणजे मधाचं उष्टं. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मेणाची मूर्ती करून तिच्यावर मातीचा साचा चढवायचा, मेण वितळवून काढायचं आणि पोकळीत धातू ओतायचा ही कृती दिलेली आहे. आपण प्रॉडक्शनच्या पेपरात इन्व्हेस्टमेंट कास्टिंग म्हणून जी आकृती काढतो तीच! अशा मेणाची जागा मूर्तिकाराकडे, पेटीवाल्याकडे, मलमात. चुलीत जायला हवा तो त्याचा गाळ. म्हणून माझी पद्धत पोत्यातल्या कचऱ्यापासून सुरू होते.

गाळण्याची कृती आणि खाऱ्या पाण्याचा धडा

काळी पोळी आधी साध्या थंड पाण्यात रात्रभर भिजवायची. हे मी पहिल्यांदा केलं नाही. चिकटून राहिलेल्या मधामुळे पहिल्या तयार मालाला माझ्या पेटीत अशा मुंग्या लागल्या की सबमिशनचं जर्नलसुद्धा झटकून न्यावं लागलं.

भिजलेली पोळी जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गाठोडं बांधून स्टीलच्या पातेल्यात पाण्याखाली ठेवायची, वर दगड. पातेलं लोखंडाचं नको, मेण काळं पडतं. आणि जे पातेलं घ्याल ते स्वयंपाकाला पुन्हा मिळणार नाही हे घरी आधी सांगा. (मी सांगितलं नव्हतं.) मंद आचेवर पाणी तापवायचं, उकळ्या फुटू द्यायच्या नाहीत. मेण कापडातून झिरपून वर येतं, कोश, परागकण आणि मळ आत राहतो. चूल बंद करून झाकून ठेवायचं. सकाळी पाण्यावर मेणाची पिवळी वडी तरंगत असते.

असं पुस्तक म्हणतं. माझ्या पातेल्यावर सकाळी पिवळी वडी नव्हती, राखाडी, भुसभुशीत, ओल्या भाकरीसारखं काहीतरी होतं. दोनदा केलं, दोन्ही वेळा तेच. मेणच भेसळीचं असेल असं वाटलं. काकांकडे परत जायच्या बेतात होतो, तेव्हा केमिस्ट्रीच्या मॅडमनी एकच विचारलं, "पाणी कुठलं?"

पाणी आमच्या बोअरचं! आमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती आणि आपल्या जिल्ह्याच्या घाटाखालचा हा पट्टा, जिथे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि डाळ शिजत नाही. मेणात मोकळी आम्लं असतात, दहा-बारा टक्क्यांच्या आसपास. पाण्यातल्या क्षारांशी ती जुळली की साबण तयार होतो, आणि तो साबण मेण आणि पाणी एकमेकांत घुसळून टाकतो. मी मेण गाळत नव्हतो, साबण करत होतो. उपाय साधा निघाला. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा मेसच्या फिल्टरचं पाणी घ्या, त्यात दोन लिंबं पिळा. तिसऱ्या वेळी वडी आली. खालचा भाग चाकूनं खरवडला की आत स्वच्छ पिवळं मेण. चार वर्षांच्या जर्नलांमध्ये मला एवढा आनंद कुठल्याच 'निष्कर्षा'नं दिलेला नाही.

गाठोड्यात उरलेला काळा चोथा फेकायचा नाही. त्यात अजून बरंच मेण अडकलेलं असतं. तो गरम असतानाच लिंबाएवढे गोळे वळून वाळवले तर काही न करता पेटवण तयार. स्वच्छ मेण मी काकांना परत नेऊन दिलं, थोडंसं ठेवून घेतलं. काका खूश, आणि पुढचं पोतं पक्कं.

पेटवण कशी करायची?

मी या वस्तूला पेटवण म्हणतो. चांगला शब्द सुचल्यास संपादकांना कळवा.

मेण कधीही थेट जाळावर ठेवायचं नाही. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात लहान डबा, डब्यात मेण. पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही (बुलडाण्यासारख्या उंचावरच्या गावात तर अठ्ठ्याण्णवलाच उकळतं), त्यामुळे मेण दोनशेपर्यंत पोचणं शक्यच नाही. हे पाणी म्हणजे आपला सेफ्टी व्हॉल्व्ह. ते आटू द्यायचं नाही. चुकून मेणानं पेट घेतलाच तर पाणी ओतायचं नाही, पाणी त्या गरम मेणाखाली जाऊन एकदम वाफ होतं आणि पेटतं मेण चौफेर उडतं. घट्ट झाकण ठेवायचं किंवा वाळू टाकायची. वाळूची बादली मी आधीच शेजारी ठेवत असे. मावशींच्या हातानंतर मी फार शहाणा झालो आहे.

वितळलेल्या मेणात तुम्ही काय घालाल त्यावर पेटवणीचा स्वभाव ठरतो. मी तीन प्रकार केले.

पहिला कवडी कापसाचा. अक्रोडाएवढा बोळा, एका बाजूनं बुडवायचा आणि दाबून निथळू द्यायचा. दुसरी बाजू कोरडी सोडायची, तिला मी शेंडी म्हणतो. काडी शेंडीला लागते. पूर्ण बुडवला तर काडी विझेपर्यंत तो पेटतच नाही. कापसाच्या वजनाच्या तीन-चार पट मेण पुरे. त्याहून जास्त झालं तर वात मेणात बुडून गुदमरते.

दुसरा भुशाचा. कार्पेंटरी शॉपमधला भुसा अंड्यांच्या कागदी ट्रेच्या खोबणीत भरायचा, वरून वजनाला वजन मेण ओतायचं, काडीनं ढवळायचं. गार झालं की ट्रे कापून एकेक खोबण सुटी करायची. कागदाचा कोपरा हीच शेंडी. हा सगळ्यात जास्त वेळ जळतो, आठ-दहा मिनिटं सहज. मेसमध्ये अंडी रविवारी असतात, म्हणजे ट्रे सोमवारी मागावेत.

तिसरा प्रकार नारळाच्या काथ्याचा. सैलानीला होळीच्या दिवशी नारळांची होळी ज्यानं पाहिली आहे त्याला काथ्या कसा पेटतो हे सांगायला नको. काथ्याची जुडी सुतळीनं बांधायची आणि मेणात बुडवायची. दिसायला सुंदर, पण जाळ एकदम मोठा आणि लवकर संपणारा. मला तो फारसा आवडला नाही.

चाचण्या आम्ही स्मिथी शॉपच्या भट्टीत, वर्कशॉपच्या सरांसमोर केल्या. हॉस्टेलच्या खोलीत केल्या नाहीत, हे रेक्टर सरांनी कृपया नोंद करून घ्यावं. आणि थंडीत बंद खोलीत शेगडी घेऊन झोपणाऱ्या थोर आत्म्यांना एक आठवण: कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो आणि धूरही नसतो.

आता जरा हिशेब

एका पेटवणीत साधारण १० ग्रॅम मेण. मेणाची उष्णता ग्रॅमला ४० किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे ४०० किलोज्यूल. समोर १०० ग्रॅम बारीक काड्या, ओलावा ३० टक्के. म्हणजे ३० ग्रॅम पाणी. ते २५ अंशांवरून शंभरला न्यायला साडेनऊ किलोज्यूल आणि वाफ करायला ६८. उरलेलं ७० ग्रॅम कोरडं लाकूड पेटायच्या तापमानाला, समजा अडीचशे अंशांना, न्यायला आणखी २४. एकूण साधारण १०१ किलोज्यूल. उघड्या चुलीत उष्णतेचा चौथा हिस्सा जरी काड्यांना मिळाला तरी आपल्याकडे १०० आहेत. म्हणजे काठावर पास! पण भुसाही जळतो, १० ग्रॅम भुशाचे १७० किलोज्यूल. ते ग्रेस मार्क.

या हिशेबातली खरी गोष्ट पाहा. १०१ पैकी ७७ किलोज्यूल नुसतं पाणी हाकलण्यात गेले. लाकडाला मिळाले २४. चूल पेटत नाही तेव्हा आपल्याला वाटतं की जाळ कमी आहे, म्हणून आपण वरून काहीतरी ओततो. कमी असतो तो वेळ. पेट्रोल दोन सेकंदांत भडकून जातं, त्याची उष्णता वर आभाळात, पाणी जागच्या जागी. पेटवण दहा मिनिटं एका जागी जळते, आणि पाणी निघून जायला तेवढी दहा मिनिटंच हवी असतात. मावशी फुंकणी घेऊन शांत बसल्या होत्या, त्यांना हे माहीत होतं. मला नव्हतं.

शिवाय काड्या मोठ्या असतील तर सगळं गणित कोसळतं. बोटाएवढ्या जाड पऱ्हाटीऐवजी तुराटीच्या बारीक काड्या आधी, मग पऱ्हाटी, मग लाकूड. हे कुठल्याही बाईला विचारा.

मावशींचा निकाल

गेल्या पावसाळ्याआधी एक डबाभर पेटवणी घेऊन मी त्या गावी गेलो. मनात धाकधूक. मावशींच्या हातावर मनगटाजवळ फिकट डाग अजून आहे. मी तिकडे बघत नाही असं दाखवत होतो, त्यांनी ते ओळखलं आणि हात पदराखाली घेतला.

मी सगळं समजावून सांगितलं. ज्वलनांक वगैरे. त्यांनी एक पेटवण उचलली, हुंगली, म्हणाल्या, "मधाचा वास येते. उंदरं खातीन." (बरोबर. उंदीर मेण कुरतडतात. डबा पत्र्याचा आणि घट्ट झाकणाचा हवा.) मग मुद्दाम परसातली सगळ्यात ओली पऱ्हाटी आणली, चूल मांडली आणि मला म्हणाल्या, "लाव."

मी कोनात कोन बसवून, इंजिनिअरसारखी रचना केली. भुशाची पेटवण खाली, काड्या वर. शेंडी पेटली, मग पाच मिनिटं नुसता पांढरा धूर. माझ्या कपाळावर घाम. मावशी हसायला लागल्या. मग त्या पुढे आल्या, वरच्या निम्म्या काड्या काढून टाकल्या, उरलेल्या दोन बोटं उचलून धरल्या. हवा आत गेली. धूर पातळ झाला, काड्यांच्या टोकांतून पाणी फसफसलं, आणि चूल पेटली.

"काड्या दाबून मारत होता तू त्याले," त्या म्हणाल्या. "जाळाले बी श्वास लागते."

चहा झाला. त्या म्हणाल्या, माझ्या घरी इस्तव असते, मले याची गरज नाई. रात्री गोवरी राखेत पुरून ठेवतो, सकाळी इस्तव तयार. पण सून शेतातल्या खोपडीत एकटी असते, तिथं इस्तव राहत नाही, आणि ती बाटलीत डिझेल ठेवते. मोटारीसाठी आणलेलं. "तिच्यासाठी दे."

मग त्यांनीच एक सुधारणा सुचवली. भुसा कोठून आणू मी? गोवरी आहे ना. वाळल्या गोवरीचे सुपारीएवढे तुकडे करून अर्धे मेणात बुडवले. तिथेच, त्यांच्या पातेल्यात, पाण्यावर डबा ठेवून. गोवरी सच्छिद्र, मेण पटकन पितं, जळते हळू आणि शेवटी निखारा मागे ठेवते, जो भुसा ठेवत नाही. माझे तिन्ही प्रकार या चौथ्यापुढे फिके आहेत, हे मी वर्कशॉपच्या सरांनाही सांगितलं आहे.

दोन गोष्टी राहिल्या. घाटाखालचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा; त्या उन्हात टिनाच्या छताखाली किंवा गाडीच्या डिकीत डबा ठेवला तर मेण मऊ होऊन सगळ्या पेटवणी एकमेकींना चिकटतात. माठाशेजारी ठेवा. आणि दुसरी, पऱ्हाटीच्या गंजी पावसाळ्यापर्यंत घराशेजारी रचून ठेवू नका, न उघडलेल्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. आधी तीच बोंडं तोडून जाळायला घ्या, छान पेटतात.

मावशींच्या सुनेनं डिझेलची बाटली मोटारीजवळ नेऊन ठेवली आहे. मावशींचा निरोप परवा आला, पावसाच्या आधी अजून पन्नास पाहिजेत. पेटीवाल्या काकांकडे पोतं तयार आहे, गोवऱ्या मावशी देणार आहेत. साडीचे जुने सुती तुकडे आणि रविवारच्या मेसचे ट्रे मात्र कमी पडताहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी स्मिथी शॉपच्या मागच्या कट्ट्यावर आणून ठेवावेत. लिंबं मी आणतो.